काइंड लिहावं की बेनेव्हलंट?

शाळा सोडताना भाचीनं बाईंना इंग्रजीत पत्र लिहिलं. शब्दकोशात ‘दयाळू’समोर दोन्ही शब्द होते, भारदस्त वाटला म्हणून तिनं बेनेव्हलंट निवडला. मी तो बदलायला सांगितला, कारण त्या एका शब्दानं बाई परक्या झाल्या होत्या.

बेनेव्हलंट लॅटिनमधला. ‘बेने’ म्हणजे चांगलं, पुढचा भाग ‘इच्छिणं’ या अर्थाच्या क्रियापदाचा. म्हणजे भलं चिंतणारा. पण हा चिंतणारा बहुधा वरच्या पायरीवर उभा असतो: राजा, संस्था, देणगीदार. कर्मचाऱ्यांच्या कल्याण निधीला ‘बेनेव्हलंट फंड’ शोभतं, प्रजेचं हित पाहणाऱ्या हुकूमशहालाही हेच विशेषण लावतात. इंग्लंडच्या चौथ्या एडवर्डनं तर श्रीमंतांकडून सक्तीनं घेतलेल्या पैशालाच ‘बेनेव्हलन्स’ म्हटलं, जणू प्रजा स्वखुशीनं देते आहे. तिसऱ्या रिचर्डच्या संसदेनं १४८४ मध्ये ती वसुली बंद केली.

काइंड हा ‘किन’च्या, म्हणजे नात्यागोत्याच्या घरातला जुना इंग्रजी शब्द. मूळ अर्थ उपजत, स्वाभाविक. त्यातूनच पुढे प्रेमानं वागणारा. म्हणून मला तो दयाळूपेक्षा मायाळूच्या जवळचा वाटतो. दया करायला समोरचा दीनवाणा असावा लागतो, माया कुणालाही लावता येते.

वापरताना अडखळायला होतं ते पुढच्या शब्दापाशी. माणसाशी कसं वागलं हे सांगायचं तर ‘टू’: ‘शी वॉज काइंड टू माय मदर’. केलेल्या कृतीबद्दल आभार मानायचे तर ‘ऑफ’: ‘इट वॉज काइंड ऑफ यू टू कम’. ‘काइंड ऑफ टायर्ड’ मात्र वेगळं, तिथे अर्थ ‘जरा दमल्यासारखं’. आणि आपल्या अर्जांतलं ‘काइंडली’ जपून वापरा. आपल्याला ते नम्र वाटतं, पण इंग्रजांच्या कानाला ‘काइंडली पे द फी’ ही पुष्कळदा तुटक ताकीद वाटते.

कुणी पैसा, वेळ सढळ हातानं दिला असेल तर सरळ जेनरस लिहावं. नाइस कशालाही चालतो, त्यामुळे निरोपाच्या पत्रात तो फिका पडतो.

भाचीनं शेवटी लिहिलं, ‘यू वेअर काइंड टू मी व्हेन आय वॉज न्यू हिअर.’ मग पहिल्या दिवशी बाईंनी तिला आपल्या डब्यातलं थालीपीठ दिलं होतं, तेही आठवून खाली लिहिलं.