‘सगळं धरून’ सहलीत पैसे कुठे गळतात : देवगिरी, म्हैसमाळ, वेरूळला सहकुटुंब येणाऱ्यांनी हे आधी वाचा

पावसाळा लागला की, आणि पुन्हा हुरड्याच्या दिवसांत, नांदेड-परभणी-लातूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच साच्याची जाहिरात फिरायला लागते. ‘दोन दिवस, देवगिरी ट्रेक, म्हैसमाळ, वेरूळ, रात्री संभाजीनगर शहरात नान-खलिया डिनर. सगळं धरून माणशी ₹३,४९९. लहान मुलांना सवलत. जागा मोजक्याच.’ खाली एक मोबाईल नंबर आणि पैसे भरायचा क्यूआर. संस्थेचं नाव ठळक असतं, पत्ता मात्र कुठेच नसतो.

घरातल्या ज्याच्या गळ्यात सहल पडलेली असते, त्याला अशी जाहिरात बरी वाटते. आजोबांचे गुडघे, मुलांच्या जेवणाच्या वेळा, गाडी, मुक्काम, सगळं कोणीतरी अंगावर घेतोय म्हटल्यावर तो निम्मे पैसे पाठवून मोकळा होतो. फसवणुकीची सुरुवात तिथेच होते. पाच गोष्टी एकाच आकड्यात बांधल्या की त्यातली कोणती मिळाली नाही आणि तिचे किती पैसे गेले, हे सहल संपली तरी सांगता येत नाही. म्हणून पहिली मागणी एकच करायची : गाडी, तिकिटं, वाटाड्या, मुक्काम, जेवण, प्रत्येकाची रक्कम वेगळी लिहून द्या. खरा धंदा करणारा माणूस ही फोड लगेच पाठवतो, कारण त्याच्या वहीत ती असतेच. ‘तुम्ही टेन्शन घेऊ नका हो’ एवढंच उत्तर आलं तर पैसे पाठवू नका.

तिकिटांपासून बघू. देवगिरी आणि बीबी का मकबरा इथे भारतीय माणसाला तिकीट ₹२५, वेरूळला ₹४०. ऑनलाइन काढलं तर पाच रुपये कमी. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. चार मोठी आणि दोन शाळकरी मुलं असं सहा जणांचं घर तिन्ही ठिकाणी गेलं तर रोख तिकिटांचे ₹३६० होतात. पॅकेजच्या हिशोबात मात्र ‘प्रवेश शुल्क’ म्हणून माणशी तीनशे, तेही मुलांसकट सहा जणांचे, धरलेले सापडतात. म्हणजे ₹३६० च्या जागी ₹१,८००, आणि वर ‘लहान मुलांना सवलत’ दिल्याचं पुण्य. तिकिटं स्वतः काढा. खिडकीवर बोर्ड असतो, त्यावरचा दर वाचा.

तारीखही नीट बघून घ्या. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. सोमवार-मंगळवारची सहल स्वस्तात विकायची, मंगळवारी लेण्यांच्या फाटकापाशी पोचल्यावर ‘अहो, आज बंद आहे वाटतं’ म्हणायचं आणि घृष्णेश्वर, भद्रा मारुती दाखवून दिवस भरून काढायचा, हा जुना डाव आहे. देवदर्शन झालं म्हणून घरातली मोठी माणसं तक्रार करत नाहीत आणि लेण्यांचे पैसे तसेच राहतात. अजिंठ्याला जाणार असाल तर हेही माहीत असू द्या : खासगी गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. ती फर्दापूरच्या टी-पॉइंटला लावायची आणि पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसने जायचं. ‘आमची गाडी थेट लेण्यांपर्यंत’ असं कुणी म्हणत असेल तर त्याच्या बाकीच्या शब्दांचीही तीच किंमत समजा.

गाडीच्या भाड्यात सगळ्यांत मोठी गळती असते. बाहेरगावच्या भाड्याला रोजचे किमान २५० किंवा ३०० किलोमीटर धरायची पद्धत आहे, गाडी तेवढी पळो न पळो. संभाजीनगरहून देवगिरी पंधराएक किलोमीटर, वेरूळ तीसेक, खुलताबादहून म्हैसमाळ बारा-तेरा. हा सगळा फेरा मारून शहरात परत आलात तरी नव्वद-शंभर किलोमीटरच्या पलीकडे फारसं जात नाही. त्यासाठी ३०० किलोमीटरचं भाडं देण्याचं काहीच कारण नाही. शहरात ‘आठ तास ऐंशी किलोमीटर’ असं स्थानिक भाडं मिळतं, वरच्या तासाला आणि किलोमीटरला ठरलेला दर असतो, तो मागा. ठरवताना चार गोष्टी मेसेजवर लिहून घ्या : किलोमीटर गॅरेजपासून मोजणार की तुम्ही बसलात तिथपासून, चालकाचा भत्ता धरला आहे का, टोल आणि पार्किंग कोणाकडे, रात्री किती वाजल्यानंतर जादा. निघताना आणि उतरताना मीटरच्या काट्याचा फोटो काढा. त्यानंतर वाद होत नाही.

गाडीची नंबरप्लेटही बघा. भाड्याच्या गाडीला पिवळ्या पाटीवर काळे आकडे असतात, भाड्याच्या इलेक्ट्रिक गाडीला हिरव्या पाटीवर पिवळे. पांढऱ्या पाटीची गाडी ही कुणाची तरी घरची गाडी. ती दोन-तीन रुपये किलोमीटरमागे स्वस्त पडते, पण भाड्याने चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. म्हैसमाळच्या चढाच्या रस्त्यावर किंवा कन्नडच्या औट्रम घाटात सहा माणसं घेऊन अशा गाडीत बसू नये.

आता डोंगर. इथे पैशांपेक्षा मोठं काहीतरी पणाला लागलेलं असतं.

म्हैसमाळला ‘ट्रेक’ म्हणून जादा पैसे घेतात. तिथे माथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. देवगिरीची चढाई मात्र खरी आहे. साडेसातशेच्या आसपास पायऱ्या, मध्ये खंदकावरचा पूल, मग अंधारी म्हणजे कातळातला काळोखा बोगदा, मग माथ्याजवळच्या बारादरी महालापर्यंत उभा चढ. सवयीच्या माणसाला वर जायला तासभर, मुलं आणि ज्येष्ठ असतील तर दीड ते दोन तास धरा. माणशी किमान दीड लिटर पाणी खालूनच घ्या. हा चढ सकाळचा आहे. पॅकेजवाला मात्र सकाळी दहाला तुम्हाला ‘पैठणी-हिमरूचा कारखाना दाखवतो’ म्हणून दुकानात बसवतो, कारण तिथल्या खरेदीवर त्याला आणि चालकाला कमिशन असतं. दुकानातून सुटता सुटता साडेबारा होतात. मग काळ्या दगडावर तापलेल्या उन्हात आजी-आजोबा चांद मिनारापाशीच बसून राहतात, मुलं मेंढा तोफेपर्यंत जाऊन रडायला लागतात आणि ‘ट्रेक’ अर्ध्यात संपतो. वेळापत्रक लेखी घ्या, त्यात किल्ला पहिला असू द्या आणि दुकान संध्याकाळी. दुकानात गेलातच तर पैठणीचा पदर उलटा करून बघा : हातमागावरची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, यंत्रमागाच्या साडीला मागे सुटे धागे लोंबतात.

अंधारीत टॉर्च दाखवतो म्हणून कुणी पुढे चालू लागला, की आधी किती घेणार ते विचारा. मोबाईलचा उजेड पुरतो, फक्त पायऱ्या उंच-सखल आणि वटवाघळांच्या विष्ठेने निसरड्या असतात, त्यामुळे मुलांचा हात धरून चाला. इतिहास सांगणारा गाईड हवा असेल तर सरकारमान्य गाईडकडे ओळखपत्र असतं. ते बघायला मागण्यात संकोच नको.

गौताळ्याच्या रानातला अंतूर किल्ला किंवा पितळखोऱ्याची लेणी विकणारे आयोजक वेगळेच. त्यांच्या यादीत ‘फॉरेस्ट परमिट’ म्हणून माणशी काहीशे रुपये असतात. वनखात्याच्या नाक्यावर जी काही फी असते तिची पावती मिळते. पावती नाही तर ते पैसे वनखात्याकडे गेलेले नाहीत. महाराष्ट्रात २०२१ पासून साहसी पर्यटनाचं धोरण लागू आहे आणि असे उपक्रम चालवणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणी क्रमांक विचारा. ‘इन्शुरन्ससह’ लिहिलं असेल तर पॉलिसी क्रमांक आणि त्यात तुमच्या घरच्यांची नावं दाखवायला सांगा; नावं नसतील तर विमाही नाही. आणखी तीन प्रश्न : किती माणसांमागे एक म्होरक्या, त्याला प्रथमोपचार येतो का, पाऊस वाढला तर मागे फिरायचा निर्णय कोण घेणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फार बोलकं असतं. पितळखोऱ्याला घळीत उतरावं लागतं, ओढ्याला पाणी वाढलं की परतीची वाट अडते. बेसॉल्टवर शेवाळ धरलं की चांगल्या बुटाचीही पकड राहत नाही. तिथे ‘पैसे घेतलेत, आता दाखवलंच पाहिजे’ म्हणून माणसं पुढे नेणारा म्होरक्या हा फसवणुकीचा सगळ्यांत वाईट प्रकार. आग्या मोहोळांचंही तसंच : किल्ल्यांच्या आणि लेण्यांच्या कड्यांवर ती असतात, उग्र अत्तर आणि धूर यांनी उठतात. वाटेत चूल पेटवून ‘कॅम्प फायर चहा’ देणाऱ्याबरोबर मुलांना पाठवू नका.

दिवसभर दमून शहरात आलं की जेवणात कोणी आकडे बघत नाही. म्हणून बिल एकदा जवळून बघू. समजा जेवण ₹१,८४०. खाली ‘सेवा शुल्क १० टक्के’ ₹१८४. मग दोन्हींच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी ₹१०१.२०. एकूण ₹२,१२५.२०. यातलं सेवा शुल्क आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवले. ते काढायला सांगितलं की बिल ₹१,९३२ वर येतं. शांतपणे सांगा, बहुतेक ठिकाणी काढतात.

जीएसटीही तपासा. साध्या रेस्टॉरंटला पाच टक्के, निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. बिलावर पंधरा अक्षर-आकड्यांचा जीएसटी क्रमांक हवा, महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कर भरणाऱ्या छोट्या हॉटेलला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही. शंका आली तर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर क्रमांक टाकून बघा, हॉटेलचं नाव आणि करदात्याचा प्रकार दोन्ही दिसतात. पाण्याच्या बाटलीबाबत मात्र वाद घालू नका : टेबलावर बसवून वाढणारं हॉटेल छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ शकतं, तसा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. किल्ल्याच्या पायथ्याच्या टपरीला ती मुभा नाही.

पॅकेजमधलं ‘नान-खलिया डिनर’ म्हणजे बऱ्याचदा तंदूरचा बटर नान आणि नेहमीची मटण करी असते. खरा नान-खलिया जुन्या शहरात मिळतो. जाड, वरून पिवळसर तकाकीचा नान भट्टीवर भाजलेला असतो आणि खलिया पातळ, वर तर्री असलेला मटणाचा रस्सा. दोन्ही स्वतः मागवले तर भाव डोळ्यांसमोर असतो. पॅकेजवाल्याने कूपन दिलं असेल तर आदल्या दिवशी त्या हॉटेलला स्वतः फोन करा. कूपन चालतं का, शनिवार-रविवारी चालतं का, त्यात काय काय येतं. ‘असं कूपन आम्ही दिलेलंच नाही’ हे उत्तर सहा भुकेल्या माणसांसमोर ऐकण्यापेक्षा आदल्या दिवशी ऐकलेलं बरं.

हुरड्याचंही असंच. हुरडा साधारण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. त्याच्या आधी-नंतर ‘ताजा हुरडा’ विकणारा शीतपेटीतला माल गरम करून देतो. आगटीत कणसं आपल्यासमोर भाजली गेली पाहिजेत, दाणा हिरवा आणि बोटाने दाबला की मऊ लागला पाहिजे. कणीस न दाखवता ताटलीत दाणेच आणून देतात तिथे पैसे देण्याआधी एक कणीस भाजून मागा.

शेवटी पैसे पाठवण्याचं. क्यूआर स्कॅन केल्यावर पिन टाकण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं. संस्थेच्या नावाऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं तर थांबा. आगाऊ रक्कम वीस-पंचवीस टक्क्यांपलीकडे नको, मुक्कामाचे पैसे मुक्कामावर, गाडीचे उतरताना. सहल रद्द झाल्यावर ‘रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असा फोन येतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. ‘बुकिंगचं ॲप’ म्हणून आलेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल, उघडायचीच नाही.

गेलेच पैसे, तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता येण्याची शक्यता सुरुवातीच्या वेळेतच जास्त असते. हाताशी व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, वेळ आणि समोरचा यूपीआय पत्ता ठेवा. मग सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवा. जाहिरात आणि बोलण्याचे स्क्रीनशॉट पैसे पाठवण्याआधीच काढून ठेवा, नंतर समोरचा मेसेज पुसून टाकतो.

सहल झाली पण कबूल केलेलं मिळालं नाही, असा मामला असेल तर आधी ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे निपटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. त्यासाठी संभाजीनगरला खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे नांदेडच्या माणसाने नांदेडला, लातूरच्याने लातूरला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, मुदत दोन वर्षांची. सोबत जाहिरात, रकमेची लेखी फोड, पैसे भरल्याची नोंद, गाडीच्या काट्याचे फोटो आणि हॉटेलची बिलं, तारखेच्या क्रमाने लावून जोडा.