नौपाड्यातील त्वचारोग दवाखाना : निदान चोख, व्यवस्था ढिली

ठाण्यात त्वचारोगतज्ज्ञांची वानवा नाही; परंतु महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमेकडे नायटा किंवा गळू यांच्या पलीकडे जाऊन पाहणारे दवाखाने थोडेच, आणि गोखले रस्त्यालगतच्या गल्लीतील हा छोटा दवाखाना त्यांपैकी एक आहे, असे धाकट्या भावाच्या उपचारांवरून मी म्हणू शकतो. तो बिकानेरजवळच्या सौरऊर्जा प्रकल्पावर कामाला होता आणि येताना कोपराजवळ एक गाठ घेऊन आला. शहरातच दुसऱ्या एका ठिकाणी त्याला स्टेरॉइडमिश्रित मलम दिले गेले. लाली उतरली, पण गाठ फुटून झालेला व्रण कडेने वाढत राहिला.

येथील डॉक्टर मॅडमनी जखम पाहण्याआधी मुक्काम कोठे होता हे विचारले. बिकानेरचे नाव निघताच त्यांना वालुमाशीच्या चाव्यातून शरीरात शिरणाऱ्या लिश्मानिया या परजीवीचा संशय आला. हा परजीवी काळ्या आजाराच्या परजीवीच्या कुळातला असला, तरी या प्रकारात तो त्वचेपुरताच राहतो. व्रणाच्या कडेचा अंश काचपट्टीवर घेऊन गिम्सा रंगाने तपासला, तेव्हा 1903 मध्ये लिश्मन आणि मद्रासमधील डोनोव्हन यांनी वर्णिलेले ते बारीक अंडाकृती जीव भक्षकपेशींत दिसले.

मात्र या दवाखान्याला मी खरे गुण देतो ते समजावणीसाठी. मॅडमनी कागदावर आकृती काढून सांगितले, की हा परजीवी त्याला मारण्यासाठी असलेल्या मॅक्रोफेज या भक्षकपेशीतच घर करतो. इंटरल्यूकिन-12 चा संदेश मिळाला की टी पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) इंटरफेरॉन-गॅमा हा पुढचा संदेश सोडतात, त्याने मॅक्रोफेज जागा होतो आणि नायट्रिक ऑक्साइड तयार करून आतला परजीवी मारतो. उलट इंटरल्यूकिन-10 हा संदेश ही कारवाई आवरती घेतो. आवर अजिबात नसेल तर दाह वाढून आपलीच त्वचा झडते, आणि फार असेल तर परजीवी टिकून राहतो. म्हणजे व्रणाचे बरेचसे रूप परजीवीपेक्षा शरीराच्या प्रतिसादाने घडलेले असते. स्टेरॉइडने नेमका हाच प्रतिसाद दाबला जातो, म्हणून लाली गेली तरी रोग गेला नाही. जुन्या व्रणात परजीवी मोजकेच उरतात आणि काचपट्टीवर सापडतीलच असे नाही, त्यामुळे पुढे अहवाल नकारात्मक आला तरी निर्धास्त होऊ नका, हेही त्यांनी आधीच बजावले होते. एवढा वेळ देणारे डॉक्टर हल्ली विरळाच.

उपचार म्हणून व्रणातच सोडियम स्टिबोग्लुकोनेट या परजीवीनाशक औषधाची इंजेक्शने दिली गेली. ती चांगलीच दुखतात, याची कल्पना रुग्णाला थोडी अधिक स्पष्टपणे द्यायला हवी होती. व्रण भरला, वण राहिला आहे आणि तो राहणार, हे त्यांनी लपवले नाही.

उणिवा सांगायच्या तर वेळ ठरवून जाण्याला येथे फारसा अर्थ नाही, स्वागतकक्षात फोन उचलला जात नाही आणि बायोप्सी बाहेरच्या प्रयोगशाळेत जात असल्याने अहवाल हाती यायला बराच उशीर होतो. शुल्क परिसराच्या मानाने वाजवी आहे. साध्या मुरुमांसाठी येथे ताटकळण्यात अर्थ नाही. राजस्थानात काम करून आलेल्या माणसाची जखम हटत नसेल, तर मात्र आधीच्या मलमांची वेष्टने सोबत घेऊन सकाळच्या वेळेत जावे, कारण संध्याकाळी गर्दीमुळे काचपट्टीची तपासणी दुसऱ्या दिवसावर ढकलली जाते.