सात महिने वायरगार्ड: टनल सोपा, व्हीलॅनच्या वाटा किचकट

घरच्या नेटवर्कचे मी चार व्हीलॅन (एकमेकांपासून वेगळे ठेवलेले भाग) केले आहेत: कामाचे संगणक, घरच्यांचे फोन, कॅमेरे आणि पाहुणे. बाहेरून पहिल्या तिन्हींपर्यंत पोहोचता यावं आणि परक्या वाय-फायवर असताना माझ्या फोनचं सगळं इंटरनेट घरातूनच जावं, म्हणून सात महिन्यांपूर्वी राउटरवर वायरगार्ड हे व्हीपीएन (इंटरनेटवरून घरापर्यंत खासगी, कूटबद्ध वाट करणारं सॉफ्टवेअर) बसवलं.

टनल, म्हणजे ही वाट, अर्ध्या तासात उभा राहिला. यूडीपी ५१८२० पोर्ट (राउटरवरचं आत यायचं दार) उघडला, दोन्हीकडे की (ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) टाकल्या, हँडशेक झाला, म्हणजे दोन्ही टोकांची ओळख पटली. कामाचा संगणक लगेच उघडला. कॅमेरे मात्र ढिम्म. दोन संध्याकाळी मी वायरगार्डची फाइल उलटसुलट तपासली. दोष तिथे नव्हताच. शेवटी राउटरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी वाहतूक दाखवणारं साधन) लावला तेव्हा दिसलं, की पॅकेट (माहितीचा तुकडा) कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनमध्ये जातंय, पण उत्तर येत नाही. कॅमेऱ्यांनी इंटरनेटवर जाऊ नये म्हणून त्यांना आयपी पत्ता देताना गेटवेची (आपल्या भागाबाहेरचं सगळं ज्या राउटरकडे पाठवायचं, त्याच्या पत्त्याची) जागा मीच रिकामी ठेवली होती. मग परतीचा रस्ता त्यांना कळणार कुठून? गेटवे भरला आणि इंटरनेटची बंदी फायरवॉलमध्ये (राउटरवरच्या वाहतूक अडवणाऱ्या नियमांत) घातली. ती पहिल्यापासून तिथेच असायला हवी होती.

पुढे दुसरा फोन जोडला आणि पहिला बंद पडला. राउटरवर दोन्ही फोनांच्या अलाउड आयपीजमध्ये (कोणते पत्ते कोणत्या उपकरणाकडे जायचे ती यादी) मी टनलचा अख्खा /२४ (२५६ पत्त्यांचा पट्टा) लिहिला होता. वायरगार्डमध्ये एक पट्टा एकाच पीअरचा (जोडलेल्या उपकरणाचा) असतो, त्यामुळे नंतर आलेल्या फोनने तो ओढून घेतला. प्रत्येकाला स्वतःचा /३२ (फक्त एक पत्ता) दिल्यावर दोन्ही चालू झाले.

सगळं इंटरनेट घरातून न्यायचं तर फोनवरच्या अलाउड आयपीजमध्ये नुसतं ०.०.०.०/० (सगळे आयपीव्ही४ पत्ते) पुरत नाही. ::/० (सगळे आयपीव्ही६ पत्ते) सुद्धा लिहा, नाहीतर आयपीव्ही६ची वाहतूक टनलबाहेरूनच जाते. राउटरवर टनलच्या पत्त्यांसाठी नॅटही (आतले पत्ते बदलून बाहेरच्या एका पत्त्यावरून पाठवणं) लागतं.

हे सगळं करण्याआधी राउटरचा बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर तुम्ही सेवादात्याच्या नॅटमागे आहात आणि पोर्ट उघडून काही उपयोग नाही. घरात १९२.१६८.१.०/२४ ठेवू नका. बाहेरच्या वाय-फायवर तोच पट्टा सर्रास असतो, मग फोन घरचा संगणक तिथल्या तिथेच शोधत बसतो.

मोबाइल डेटावरून वाय-फायवर गेलं तरी टनल टिकून राहतो, हे मला फार आवडलं. एक उणीव अजून आहे: बाहेरून प्रिंटर नावाने सापडत नाही, कारण एमडीएनएस (उपकरणं नावाने शोधायची पद्धत) आपल्या सेगमेंटबाहेर, म्हणजे नेटवर्कच्या आपल्या भागाबाहेर, जात नाही. घरात व्हीलॅनांमध्ये रिफ्लेक्टर (ही नावांची विचारणा एका भागातून दुसऱ्यात पोहोचवणारा) लावून भागलं. टनलमधून मात्र मी पत्ताच टाइप करते.