कबड्डी की रग्बी? वजनकाट्यावर उभ्या असलेल्या पोरासाठी

माझा भाचा खानदेशातल्या चोपड्याचा. वय १९, वजन ९३ किलो, आणि एकदा सुसाट सुटला की कुणाच्या हाती लागत नाही. गेल्या मे महिन्यात कबड्डीच्या निवड चाचणीसाठी तो स्वेटर घालून शेताच्या बांधावर पळत होता. आपल्याकडचा मे, म्हणजे पारा ४४-४५ वर. भाकरी बंद, पाणीही मोजून. कारण कबड्डीच्या वरिष्ठ गटात पुरुष खेळाडूचं वजन ८५ किलोच्या आत लागतं. त्याचं ते ओढलेलं तोंड बघितलं आणि मी पहिल्यांदा रग्बीचं, म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायच्या आणि पळणाऱ्याला पकडून पाडायच्या खेळाचं, नाव काढलं.

रग्बीत वजनाची अट नाही. पंधरा जणांच्या खेळात पुढच्या फळीला शंभर किलोच्या वरची माणसं लागतातच. ऑलिंपिक आणि आशियाई स्पर्धांत मात्र सात जणांचं रग्बी असतं: सात-सात मिनिटांचे दोन डाव, मैदान तेवढंच मोठं. तिथे नुसता जाडजूड गडी उपयोगाचा नाही, ९०-९५ किलोचा पण पळणारा लागतो. आपला गडी नेमका तसा आहे. ७० किलोचा चपळ चढाईपटू असता, तर ही तुलना मी लिहिलीच नसती. त्याने डोळे मिटून कबड्डी खेळावी.

पकड दोन्ही खेळांत आहे, म्हणून कबड्डीवाल्याला रग्बी सोपी जाईल असं मलाही वाटलं होतं. त्याला पुण्यात एका सरावाला नेलं. पहिल्याच झटक्यात त्याने समोरच्याच्या मांड्यांना मिठी मारून त्याला आडवं केलं. सुंदर पकड. पण सोडेच ना! कबड्डीत सोडलं की गुण गेला. रग्बीत खाली पाडलं की लगेच सोडावं लागतं, नाहीतर समोरच्या संघाला पेनल्टी. अर्ध्या तासात तीन वेळा शिट्टी वाजली. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा, हे त्याला एका दिवसात कळलं. हात सोडायला दीड महिना लागला.

आता पोटाचा प्रश्न. इथे कबड्डी पुष्कळ पुढे आहे. प्रो कबड्डी २०१४ पासून चालू आहे, आणि २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांवर बोली लागली. तो आकडा मनातून काढून टाका, कारण तिथे पोचणारे बोटांवर मोजण्याइतके. खरा आधार खाली आहे: तालुक्या-तालुक्यात स्पर्धा, विद्यापीठाचा संघ, रेल्वे-पोलिसांतली खेळाडू भरती, सरकारी नोकरीतलं ५ टक्के क्रीडा आरक्षण. प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून जपा. पडताळणीला एक कागद कमी पडला की सगळं अडतं.

रग्बीची फ्रँचायझी लीग आपल्याकडे २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत पहिल्यांदा झाली. सहा संघ, जेमतेम दोन आठवडे. त्यावर वर्षाचं घर चालत नाही. परदेशात फ्रान्स, जपानमध्ये पूर्णवेळ करार असतात, पण हा खेळ अधिकृतपणे व्यावसायिक झालाच १९९५ मध्ये, आणि तिथलीही भिंत पक्की नाही. इंग्लंडमध्ये २०२२-२३ च्या एकाच हंगामात वूस्टर, वॉस्प्स आणि लंडन आयरिश हे तीन नावाजलेले क्लब पैशापायी कोलमडले आणि करार असलेले खेळाडू रस्त्यावर आले.

दुखापतीचं बोलायलाच हवं. कबड्डी गुडघा आणि खांदा खाते. रग्बी तेही खाते, वर डोकं. २००३ चा विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंडच्या स्टीव्ह थॉम्पसनला चाळिशीतच स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. तो अंतिम सामना जिंकल्याचं त्याला आठवत नाही. हे वाचून मी दोन दिवस गप्प होतो.

मुलींचं गणित मात्र वेगळं आहे, आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या आईबापांनी ते जरूर ऐकावं. रग्बी खेळणाऱ्या मुली अजून थोड्या आहेत, त्यामुळे देशाच्या संघापर्यंतची वाट कबड्डीपेक्षा जवळची. ओडिशाच्या आदिवासी भागातल्या मुली त्याच वाटेने भारताकडून खेळल्या. २०२५ मध्ये बिहारमधल्या राजगीरला झालेल्या वीस वर्षांखालच्या आशियाई सेव्हन्स (सात जणांच्या रग्बीच्या) स्पर्धेत भारतीय मुलींनी कांस्यपदक जिंकलं. डोंगर चढून-उतरून कमावलेला दम आपल्या सातपुड्यातल्या पोरींकडेही आहेच.

अडचण एकच आणि मोठी: रोज सरावाला चौदा जण जमतील असं मैदान चोपड्यात नाही. कबड्डी घरी राहून होते. रग्बीसाठी पुणे, मुंबई नाहीतर कोल्हापूर गाठावं लागतं. म्हणून भाच्याला मी सांगितलंय, पुण्यात पदवीला प्रवेश घे, रग्बी खेळ, पण पदवी अर्धी टाकायची नाही. बहिणीने एक अट घातली आहे: डोक्याला मार लागून गरगरलं, तर कुणी काहीही म्हटलं तरी त्या दिवशी परत मैदानात उतरायचं नाही, आधी डॉक्टर, मग घरी फोन. त्याने कबूल केलंय.