वीज अभियंत्यांच्या स्थानिक संस्थेतील तांत्रिक व्याख्याने

आमच्या व्यावसायिक संस्थेच्या व्याख्यानमालेत वीजजाळ्याच्या संरक्षण प्रणालीवरचे, म्हणजे बिघाड ओळखून तो भाग तोडणाऱ्या यंत्रणेवरचे, सत्र मला सर्वांत मोलाचे वाटले. १४ ऑगस्ट २००३ रोजी उत्तर अमेरिकेत प्रचंड प्रमाणावर वीज खंडित झाली, त्या घटनेची (ब्लॅकआउटची) उकल करताना वक्ते ओहायोतील ३४५ केव्ही (किलोव्होल्ट) क्षमतेच्या सॅमिस-स्टार वाहिनीपाशी बराच वेळ थांबले. वाहिनीवर फॉल्ट (शॉर्टसर्किटसारखा बिघाड) नसतानाही वाढलेला भार आणि घसरलेले व्होल्टेज यांमुळे डिस्टन्स रिलेला (व्होल्टेज आणि प्रवाह यांवरून फॉल्टचे अंतर ताडून वाहिनी तोडायला लावणाऱ्या उपकरणाला) दिसणारा इम्पीडन्स, म्हणजे व्होल्टेज भागिले प्रवाह, तिसऱ्या झोनच्या (रिलेच्या सर्वांत दूरवर पोचणाऱ्या राखीव टप्प्याच्या) कक्षेत शिरला, रिलेने वाहिनी तोडली आणि पुढची पडझड आवरेनाशी झाली. आर-एक्स आलेखावर (इम्पीडन्सचे रोध आणि रिॲक्टन्स हे दोन घटक दाखवणाऱ्या आलेखावर) भाराचा बिंदू टप्प्याटप्प्याने सरकवून दाखवल्यामुळे, झोनची पोच ठरवताना भारमर्यादा का तपासावी लागते, हे अगदी स्पष्ट झाले. असे शिकवणारे मिळणे हे भाग्यच.

इन्व्हर्टरवरच्या (सौर पॅनेल वा बॅटरीची डीसी वीज एसी करून जाळ्यात देणाऱ्या उपकरणावरच्या) सत्राचा विषय तितकाच निकडीचा होता. फॉल्टच्या वेळी इन्व्हर्टर बहुधा निर्धारित प्रवाहाच्या जेमतेम १.१ ते १.५ पट प्रवाह देतो, तर पारंपरिक वीजकेंद्रातले सिंक्रोनस जनित्र त्याच्या कितीतरी पट देते, त्यामुळे जुन्या ओव्हरकरंट सेटिंगवर (प्रवाह ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तोडायचे, या मांडणीवर) विसंबता येत नाही. मात्र त्यावरचे उपाय घाईत उरकले गेले, याची खंत वाटते.

ट्रान्सफॉर्मर तेलातील वायूंच्या विश्लेषणाचे सत्र निम्मे उपकरणविक्रीकडे झुकले. ॲसिटिलीन वाढणे हे आर्किंगचे (आत विजेची ठिणगी पेटण्याचे) लक्षण, यापुढे ते फारसे गेले नाही.

सिमेट्रिकल कंपोनंट्सची (असंतुलित तीन फेजचे संतुलित घटकांत विभाजन करण्याच्या गणिती पद्धतीची) उजळणी करून येणाऱ्या तरुण अभियंत्यांना ही व्याख्याने मी आग्रहाने सुचवेन. संस्थेने प्रश्नोत्तरांचा वेळ वाढवावा आणि फॉल्टच्या नोंदी सभासदांना अभ्यासासाठी द्याव्यात.