दयाळ, चतुर आणि छोटी दुर्बीण : पेंटॅक्स पॅपिलिओ २ (६.५×२१)

दुर्बिणीचा कस बहुधा पक्ष्यांवरच पाहिला जातो. पॅपिलिओ २ च्या बाबतीत तेवढ्यावर थांबणे अन्यायाचे ठरेल, म्हणून या परीक्षणासाठी दयाळ हा पक्षी आणि भातखाचरांत वावरणारा न्यूरोथेमिस टुलिया हा चतुर (कीटक) असे दोन जीव निवडले आहेत. दोघांचेही नर काळे-पांढरे आणि माद्या वेगळ्या रंगाच्या असतात, दयाळाची करडी व चतुराची पिवळसर. परंतु दुर्बिणीकडून दोघे ज्या अपेक्षा ठेवायला लावतात, त्या जवळजवळ परस्परविरुद्ध आहेत.

विणीच्या हंगामात दयाळ नीट उजाडण्याआधीच झाडाच्या शेंड्यावर बसून गाऊ लागतो. त्याला शोधण्याचे काम कानच करतात. दुर्बिणीने अंधूक उजेडात त्याच्या पाठीवरची निळसर झाक दाखवावी, एवढेच मागणे असते. ते येथे पुरे होत नाही. २१ मिलिमीटरच्या वस्तुभिंगातून, म्हणजे पुढच्या भिंगातून, डोळ्याकडे येणारा प्रकाशझोत जेमतेम ३.२ मिलिमीटर रुंद असतो, तर नेहमीच्या ८×४२ (आठ पट मोठे दाखवणाऱ्या, ४२ मिलिमीटर वस्तुभिंगाच्या) दुर्बिणीत तो ५.२५ मिलिमीटर असतो.

चतुराची गोष्ट निराळी. ऊन चढून अंग तापल्याशिवाय तो फारसा उडत नाही, त्यामुळे उजेडाची वाण नसते. अडचण असते ती अंतराची. जेमतेम तीन सेंटिमीटरांचा हा जीव दोन-तीन मीटरवरून पाहून समाधान होत नाही, आणि बहुतेक ८×४२ दुर्बिणींना त्याहून जवळचे स्पष्ट दिसत नाही. पॅपिलिओ मात्र ५० सेंटिमीटरवरचेही स्पष्ट दाखवते, आणि जवळचे पाहताना तिची वस्तुभिंगे एकमेकांकडे सरकत असल्याने दोन्ही डोळ्यांतील प्रतिमा एकच राहते. त्या अंतरावर ६.५ पट मोठा दिसणारा चतुर जणू आठ सेंटिमीटरवर बसल्यासारखा भासतो. पंखांचा मुळाकडचा निळसर काळा भाग, त्यापुढचा दुधी पट्टा, पारदर्शक टोक आणि त्यातील शिरांची जाळी हे सारे त्याला जाळ्यात न पकडता न्याहाळता येते. माझ्या मते केवळ एवढ्यासाठीही ही दुर्बीण घेण्याजोगी आहे.

केवळ पक्षी पाहणाऱ्याने ८×४२ च घ्यावी. ज्याच्याकडे ती आधीच आहे, त्याला सुमारे ३०० ग्रॅम वजनाची ही दुसरी दुर्बीण जड वाटणार नाही. मात्र ती जलरोधक नाही आणि हा चतुर पाहण्याचे दिवस नेमके पावसाळ्याचे असतात. तेव्हा खाचराच्या बांधावर जाताना सोबत प्लॅस्टिकची पिशवी अवश्य ठेवावी.