आरईसी, ग्रीन टॅरिफ की गच्चीवर सोलर? अंधेरीच्या गाळेवाल्याचा हिशोब

आमचा अंधेरी पूर्वेला छोटा गाळा आहे, पॅकेजिंगचं काम. गेल्या वर्षी युरोपातल्या एका गिऱ्हाईकाने भलामोठा फॉर्म पाठवला आणि त्यात एक प्रश्न होता, तुमची किती टक्के वीज रिन्युएबल? मी सरळ शून्य लिहिणार होतो, पण भाऊ म्हणाला थांब, हल्ली सर्टिफिकेट विकत मिळतं. तिथून सुरू झालेला हा उद्योग, वाटलं लिहून ठेवावं, कारण आमच्या इस्टेटमधल्या चार-पाच जणांना हाच प्रश्न पडलाय.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा. मुंबईत तुमच्या वायरीतून येणारी वीज कुठली ते ओळखता येत नाही. नळाला येणारं पाणी तानसाचं की वैतरणाचं हे जसं बादलीत बघून कळत नाही तसंच. म्हणून विजेपासून तिचा 'हिरवेपणा' वेगळा काढून कागदावर विकायचा, ही आरईसीची, म्हणजे रिन्युएबल एनर्जी सर्टिफिकेटची, आयडिया. प्लांटवाला वीज साध्या भावाने विकतो आणि 1 मेगावॉट-तास म्हणजे 1000 युनिटमागे एक सर्टिफिकेट वेगळं विकतो. ज्या वितरण कंपन्यांना ठरावीक टक्के रिन्युएबल वीज घ्यायची सक्ती आहे त्या आपला कोटा भरायला घेतात, आणि आपल्यासारखे हौशी म्हणा की गरजू म्हणा, तेही घेऊ शकतात.

आमचा वापर महिन्याला साधारण 8,000 युनिट, म्हणजे वर्षाला 96,000, म्हणजे 96 सर्टिफिकेटं. 2025 मधला भाव साडेतीनशेच्या आसपास धरला तर 33,600 रुपये, वर जीएसटी आणि ब्रोकरची फी. युनिटमागे 35 पैसे झाले की हो! वीज एक्स्चेंजवर महिन्याच्या दुसऱ्या आणि शेवटच्या बुधवारी सौदे होतात, आयईएक्स, पीएक्सआयएल, एचपीएक्स अशी तीन दुकानं आहेत, आपण एक्स्चेंजच्या मेंबरमार्फत जायचं किंवा ट्रेडरकडून घ्यायचं. गच्ची नको, परवानगी नको, शेजारी नको.

आता यातली गंमत. 2011 च्या मार्चमध्ये पहिले सौदे झाले तेव्हा सोलर सर्टिफिकेटला किमान भाव 12,000 आणि कमाल 17,000 ठरवलेला होता, म्हणजे युनिटमागे 12 रुपये नुसत्या कागदाचे! पुढे सोलर स्वस्त झालं, ज्यांना सक्ती होती त्यातले बरेच जण कोटा न भरताच निवांत बसले, न विकलेल्या सर्टिफिकेटांचा ढीग साचला आणि किमान भाव खाली खाली येत गेला. 2020 ते 2021 मध्ये या भावांचं प्रकरण अपिलात अडकून सौदे वर्षभराहून जास्त बंदच होते. मग 5 डिसेंबर 2022 पासून नवे नियम आले, किमान-कमाल भाव दोन्ही गेले, सर्टिफिकेट विकेपर्यंत जिवंत राहायला लागलं, आणि 2024 मध्ये भाव शंभर-सव्वाशेपर्यंत आपटला.

घेणाऱ्याला हे बरंच वाटणार, पण मला खटकतं. 2024 च्या भावाने युनिटला 11 पैसे मिळणार म्हणून कोण नवीन पवनचक्की उभारेल? सर्टिफिकेटने रिन्युएबलला मदत होते हे पुस्तकात खरं, पण मदत भावावर असते, आणि इतक्या स्वस्तात तुम्ही जास्त करून आधीच उभ्या असलेल्या प्लांटला थोडा चहापाणी खर्च देताय. गिऱ्हाईकाचा फॉर्म मात्र व्यवस्थित भरतो, ते नाकारण्यात अर्थ नाही.

दोन बारकावे ब्रोकर स्वतःहून सांगत नाहीत. एक, सर्टिफिकेट कुठल्या वर्षाच्या विजेचं आहे ते आधीच विचारा, कारण आता मुदत संपत नाही म्हणून जुनं गळ्यात पडू शकतं. शेजारच्या प्रिंटिंगवाल्याला तसंच पडलं, गिऱ्हाईकाने परत पाठवलं आणि बिचाऱ्याने दुसऱ्यांदा पैसे भरले. दुसरं, नव्या नियमांत गुणक आहे, म्हणजे 1000 युनिटमागे किती सर्टिफिकेटं मिळणार ते विजेच्या प्रकारावर ठरतं. 5 डिसेंबर 2022 नंतर सुरू झालेल्या प्रकल्पांत सोलर आणि जमिनीवरच्या पवनचक्कीला 1, हायड्रोला दीड, बायोमासला अडीच. म्हणजे बायोमासवाल्याचं एक सर्टिफिकेट प्रत्यक्षात 400 युनिटचंच असू शकतं, तेव्हा सोलर किंवा विंडचंच मागा.

ग्रीन टॅरिफ हे आळशी माणसाचं काम, आणि मी ते कौतुकाने म्हणतोय. आपल्या वीज कंपनीकडे अर्ज करायचा, बिलात युनिटमागे जादा रक्कम लागते, कंपनी तुमच्या नावाने तेवढी रिन्युएबल वीज घेते आणि सर्टिफिकेट देते. 2021 मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने हा जादा दर 66 पैसे ठरवला होता, त्या दराने आमचे वर्षाचे 63,360 होतात, म्हणजे आरईसीच्या जवळजवळ दुप्पट. अर्ज करताना चालू टॅरिफ ऑर्डरमधला दर बघून घ्या. ब्रोकर नाही, बुधवार नाही, महिना बदलला की वापराप्रमाणे आपोआप हिशोब. आणि इथे कंपनीला खरोखर वीज घ्यावी लागते, म्हणून मला हे आरईसीपेक्षा जरा जास्त प्रामाणिक वाटतं.

गच्चीवरचं सोलर मात्र वेगळीच जात आहे, यात बिल खरंच कमी होतं. एक किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट लागतं आणि मुंबईत वर्षाला 1,300-1,400 युनिट निघतात, पावसाळ्यात उतरतात ते धरून. 20 किलोवॉट बसवलं तर 27,000 च्या आसपास, म्हणजे आमच्या गरजेचा पाव भाग आणि वर थोडं. बाकी पाऊण भागाचं काय, तो प्रश्न उरतोच. शिवाय गच्ची सगळ्या गाळेवाल्यांची, त्यावर पाण्याच्या टाक्या, मोबाईल टॉवर, पावसाळ्यातला पत्रा, आणि मीटर प्रत्येकाचे वेगळे. पीएम सूर्यघरची सबसिडी घरगुती ग्राहकांना आणि हाउसिंग सोसायट्यांना आहे, सोसायटीला कॉमन वापरासाठी किलोवॉटला 18,000, आमच्यासारख्या गाळ्याला काही नाही. तुम्ही सोसायटीसाठी वाचत असाल तर पुढचा विचारच करू नका, लिफ्ट-पंपाच्या मीटरवर सोलर घ्या.

आणखी एक गंमत, जी मलाही उशिरा कळली. नेट मीटरवर, म्हणजे गच्चीतली वीज बिलातून वजा करणाऱ्या मीटरवर, तुम्हाला स्वतःला कोटा भरायची सक्ती नसेल तर तुमच्या गच्चीतली वीज वितरण कंपनीच्या कोट्यात मोजली जाते. म्हणजे पॅनल तुमचे, पैसे तुमचे, मार्क कंपनीला. बिल वाचतं म्हणून मी तक्रार करत नाही, पण गिऱ्हाईकाला उत्तर लिहिताना हे लक्षात असू द्या.

100 किलोवॉटच्या वर लोड असेल तर 2022 च्या नियमांनी ग्रीन ओपन ॲक्सेसही, म्हणजे आपल्या वीज कंपनीऐवजी दुसऱ्याकडून रिन्युएबल वीज घेणं, उघडलंय, पण तेवढा लोड असलेला गाळेवाला हे वाचत बसणार नाही, तो कन्सल्टंट ठेवेल.

तर माझं मत. फक्त फॉर्म भरायचाय आणि पैसे मोजून खर्चायचेत, तर यंदाच्या सोलरचं आरईसी. डोक्याला ताप नको आणि थोडं जास्त द्यायची तयारी आहे, तर ग्रीन टॅरिफ. गच्ची आणि शेजारी दोन्ही हातात असतील तर आधी सोलर, मग उरलेल्या युनिटांपुरता कागद.

आम्ही यंदा 96 सर्टिफिकेटं घेतली. सोलरचा ठराव एजीएमला ठेवलाय, वरच्या मजल्यावरचे काका म्हणतायत पॅनल बसवायला भोकं पाडली की गळती त्यांच्याच गाळ्यात येणार. वॉटरप्रूफिंगचं कोटेशन मागवलंय.